गुरुवारची जलकचेरी

उत्तर युरोपातील माणूस मार्च-एप्रिलच्या सुमारास, आपल्याकडील ढगाळ आकाशाला कंटाळून, चार दिवसांची सवड काढतो आणि स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर उतरतो, तेव्हा तो ज्या एका वस्तूसाठी पदरचे पैसे मोजतो ती वस्तू म्हणजे ऊन. व्हॅलेन्सिया हे शहर ती वस्तू त्याला सढळ हाताने पुरविते. मालवारोसाच्या रुंद वाळूवर तो पहुडतो, संत्र्याच्या रसाचे पेले रिते करतो, दुपारी भाताच्या पसरट कढईभोवती बसतो, आणि रविवारी रात्री विमानात पाय ठेवताना आपण एका सदासुखी नगरीचा पाहुणचार घेतला अशी त्याची खात्री झालेली असते. या खात्रीत खोटे काही नाही. परंतु ज्या उन्हाची तो एवढी वाखाणणी करतो त्याच उन्हाशी झगडता झगडता या नगरीची शेती, तिचा व्यापार आणि तिचे कायदे घडले आहेत, ही गोष्ट वाळूवर पहुडलेल्या माणसाच्या ध्यानात येणे कठीण. वर्षाकाठी जेमतेम साडेचारशे मिलिमीटर पाऊस, त्यातला मोठा वाटा शरदाच्या दोन-तीन महिन्यांत आणि कधी कधी दोन-तीन तासांतच, आणि ज्या आषाढ-श्रावणात आपल्याकडे नद्या दुथडी भरून वाहतात नेमक्या त्याच काळात तेथे आकाश निरभ्र व माती भाजलेली, असा हा मुलूख आहे. अशा मुलखात शहराभोवतीचे मळे बाराही महिने हिरवे राहतात ते पाटाच्या पाण्यावर. आणि पाटाचे पाणी आले की भांडण आले, भांडण आले की कचेरी आली.

म्हणून ज्याला चार दिवसांची सुटी मिळाली आहे त्याने ती शुक्रवारी न धरता गुरुवारी धरावी, असे मी म्हणेन. गुरुवारी दुपारी शहराच्या मध्यभागी असलेल्या कथीड्रलच्या 'प्रेषितांच्या द्वारा'समोर लोखंडी कठडा उभा करतात आणि त्याच्या आत कातड्याच्या बैठकीच्या आठ लाकडी खुर्च्या अर्धवर्तुळात मांडतात. मिकालेत या जुन्या मनोऱ्यावरील घंटेने बाराचे ठोके दिले की काळे सैल अंगरखे घातलेले आठ शेतकरी त्या खुर्च्यांवर येऊन बसतात, आणि पितळी आकड्याची काठी हाती धरलेला चोपदार एकेका पाटाचे नाव घेऊन, त्या पाटावरील कोणाविरुद्ध फिर्याद असल्यास त्याने पुढे यावे, असे व्हॅलेन्सियन भाषेत पुकारतो. कुआर्त, बेनाचेर-फाइतानार, तोर्मोस, मिसलाता, मेस्ताया, फावारा, रास्कान्या, रोवेल्या, अशी ती आठ नावे. बहुतेक गुरुवारी कोणीही पुढे येत नाही. आठही नावे पुकारून होतात, क्षणभर शांतता पसरते, पंच उठतात, कठडा काढून नेतात, आणि चित्रे टिपण्यासाठी दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या प्रवाशांच्या चेहऱ्यावर नाटकाचा पडदा उघडताक्षणीच पडल्याची खिन्नता दिसू लागते. पदरात पडलेल्या या दोन-चार मिनिटांवरून पुष्कळांचा असा ग्रह होतो की, हा नगरपालिकेने पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी चालविलेला एक तमाशा आहे. वास्तविक स्पेनच्या १९८५ च्या न्यायव्यवस्थेविषयक कायद्यात या सभेचा नामनिर्देश करून तिला रूढिसिद्ध न्यायालयाचा दर्जा दिलेला आहे, आणि तिच्या निवाड्यावर अपील चालत नाही.

फिर्याद असली म्हणजे काय होते ते पाहण्यासारखे आहे. गुन्हे ठराविकच: पाळी नसताना पाणी घेणे, आपली पाळी संपल्यावर दार न लावणे, बेफिकिरीने पाणी सोडून शेजाऱ्याचे वावर बुडविणे, आपल्या हद्दीतला चर न उपसणे, आणि दुष्काळात पाणी चोरणे. फिर्याद बहुधा पाटाचा राखणदार करतो, कधी ज्याचे नुकसान झाले तो शेतकरी. आरोपीला गुरुवारी हजर राहण्याचा तोंडी हुकूम जातो. तो न आला तर पुढल्या गुरुवारी, तरीही न आला तर त्याच्या पुढल्या गुरुवारी, आणि तिन्ही वेळा तो गैरहजर राहिला तर फिर्याद खरी धरून त्याला दंड होतो. वकील नाही, मुखत्यार नाही, स्टँपाचा कागद नाही. दोन्ही पक्षांनी आपापल्या तोंडाने आपापली हकीकत सांगावयाची, पंचांनी वाटेल ते प्रश्न विचारावयाचे, आणि जेथे बोलण्यावरून उलगडा होणार नाही तेथे जाणत्या माणसांना वावरावर धाडून समक्ष पाहणी करवावयाची. कोणी केव्हा बोलावे हे मुख्य पंच जुन्या रिवाजाप्रमाणे पायाच्या खुणेने दाखवितो. त्यानंतर सगळे पंच तेथल्या तेथे, सर्वांच्या देखत, डोक्याला डोके लावून कुजबुजतात आणि निवाडा सांगतात. यात एक बारकावा असा की, ज्या पाटावरील तंटा असेल त्या पाटाचा पंच निवाड्याच्या विचारात भाग घेत नाही. आणि आरोपी नदीच्या उजव्या तीरावरचा असेल तर दंडाची सूचना डाव्या तीरावरच्या पंचांनी करावयाची, डाव्या तीरावरचा असेल तर उजव्या तीरावरच्यांनी. न्यायाधीशाचा हितसंबंध तंट्यात गुंतू नये हे तत्त्व मोठमोठ्या धर्मशास्त्रज्ञांनी व विधिज्ञांनी ग्रंथांतून प्रतिपादिले आहे. येथे ते नांगर धरणाऱ्या माणसांनी नदीच्या दोन काठांवर बसवून टाकले.

पंच कोण होऊ शकतो याचाही नियम साधा आहे. त्याची स्वतःची जमीन पाहिजे, ती तो स्वतः कसत असला पाहिजे, आणि गावात तो सचोटीचा म्हणून ओळखला जात असला पाहिजे. जमीन दुसऱ्याला खंडाने देऊन शहरात राहणारा धनिक येथे चालत नाही. त्या त्या पाटावरचे खातेदार दर दोन-तीन वर्षांनी आपला पंच निवडतात. तोच पाटाचा कारभारी, तोच पट्टी वसूल करणारा, तोच गाळ काढण्याच्या कामाचा मुकादम, आणि गुरुवारी तोच न्यायाधीश. आज काळा अंगरखा घालून खुर्चीवर बसलेला माणूस पुढल्या महिन्यात त्याच कठड्यापुढे आरोपी म्हणून उभा राहू शकतो, ही जाणीव निवाड्याच्या वेळी त्याच्या मनात सतत जागी असणारच. या सभेच्या दीर्घायुष्याचे रहस्य अनेकांनी अनेक ठिकाणी शोधले आहे. मला तरी ते याच जाणिवेत सापडते.

दीर्घायुष्य म्हणजे किती, हा प्रश्न मात्र सावधपणे हाताळावयास हवा. १९६० मध्ये व्हॅलेन्सियाने या न्यायसभेचा सहस्रवार्षिक महोत्सव मोठ्या थाटाने साजरा केला. त्यामागे अशी समजूत होती की, कोर्दोव्ह्याच्या खलिफांच्या अमदानीत, इसवी सन ९६० च्या सुमारास, हिची स्थापना झाली. या सनाला समकालीन दप्तराचा आधार नाही, आणि आज आपण पाहतो त्या स्वरूपातील गुरुवारच्या सभेचा लेखी पुरावा त्यापेक्षा पुष्कळ अलीकडचा आहे. परंतु सन खोटा ठरला म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. रोमनांनी इसवी सनापूर्वी १३८ मध्ये आपल्या निवृत्त शिपायांसाठी हे गाव वसविले. आठव्या शतकाच्या आरंभी मुसलमानी सत्ता आली. आणि त्यानंतरच्या चार-पाचशे वर्षांत, सीरिया व उत्तर आफ्रिका येथून आलेल्या, कोरड्या मुलखात पाणी खेळविण्याची विद्या अंगी मुरलेल्या लोकांनी, तुरिया नदीवर ठिकठिकाणी बुटके बंधारे घालून दोन्ही तीरांना पाट काढले, हातभर-हातभर उतार साधत ते समुद्राच्या दिशेने नेले, आणि ज्या मळ्यांना स्पॅनिश भाषेत 'उएर्ता' म्हणतात ते मळे निर्माण केले. बेनिमाक्लेत, बेनिमामेत, बेनिफायो ही आजची ग्रामनामे ज्या कुळांनी ती गावे वसविली त्यांचे स्मरण अजून जागे ठेवतात.

९ ऑक्टोबर १२३८ रोजी आरागॉनचा राजा पहिला जाउमे विजयी होऊन शहरात शिरला. शहरालगतच्या सुपीक मळ्यांतून जुन्या रयतेला हुसकावून त्या जमिनी राजाने आपल्या सरदारांना व उत्तरेकडून आलेल्या वसाहतकऱ्यांना वाटून दिल्या, आणि त्या इनामांची मोठी नोंदवही आजही उपलब्ध आहे. पण नव्या जमीनमालकांच्या पुढे लगेच एक व्यावहारिक अडचण उभी राहिली: वावर मिळाले, पाण्याची पाळी कोणती? विजेत्याच्या मग्रुरीला साजेसे उत्तर असे झाले असते की, आता नवा कायदा. जाउमेने उलट केले. आपल्या राज्यासाठी त्याने जी सनद दिली तिच्यात पाट रहिवाशांच्या स्वाधीन करून, पाण्याची वाटणी मुसलमानांच्या काळी जशी होत असे तशीच पुढेही व्हावी असे त्याने घालून दिले. केवळ मोन्कादाचा मोठा पाट तेवढा त्याने स्वतःसाठी राखला आणि १२६८ मध्ये तोही तेथील शेतकऱ्यांना देऊन टाकला. मोन्कादाचा पाट गुरुवारच्या सभेत आजही नाही, त्याचे मूळ येथे आहे. कथीड्रल ज्या जागेवर उभे आहे तेथे पूर्वी मशीद होती; ज्यांना ख्रिस्ती देवालयात पाऊल ठेवण्यास मज्जाव झाला त्या मुसलमान शेतकऱ्यांनाही न्याय मिळावा म्हणून सभा दाराबाहेर भरू लागली, असे परंपरा सांगते. परंपरेचे हे बोलणे खरे असो वा नसो, तख्त बदलले, धर्म बदलला, जमिनीचे मालक बदलले, आणि पाळी मात्र तीच राहिली, एवढे निश्चित.

ती पाळी म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण या संस्थेचा आत्मा दंडाच्या रकमेत नसून मोजमापाच्या पद्धतीत आहे. तुरियाचे पाणी 'फिला' नावाच्या हिश्श्यांत वाटले जाते. फिला हे काही घागरी-लिटरांचे ठराविक माप नव्हे. नदीत त्या दिवशी जेवढे पाणी असेल त्याचा तो एक अंश. नदी भरून आली तर फिला फुगते, आटली तर फिलाही आटते, आणि नदीच्या दुर्दशेतून कोणत्याही पाटाला सूट मिळत नाही. पाटावरच्या शेतकऱ्यालाही अमुक इतके पाणी माझे, असे म्हणता येत नाही; त्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात आणि जमिनीला चिकटलेला. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जाते, आणि पाणी तेवढे वेगळे काढून विकावयाचे म्हटले तर ते या मळ्यांत निषिद्ध. दक्षिणेकडे असलेल्या एल्चे येथे नेमका याच्या उलट प्रकार होता. तेथे पाणी जमिनीपासून सुटे झाले, पाण्याचे मालक वेगळे आणि जमिनीचे मालक वेगळे झाले, आणि पाळीचा लिलाव पुकारला जाऊ लागला; ज्याच्या गाठी पैसा त्याच्या वावरात पाट. या दोन गावांच्या तुलनेवरून व्हॅलेन्सियाचे लोक स्वभावतःच समतावादी आणि एल्चेचे धनलोभी, असा सिद्धान्त काढणारे भाबडे लेखक झाले आहेत. खरे कारण नदीत आहे. तुरिया अधिक पाण्याची; एल्चेचा विनालोपो हा क्षीण आणि खारट. जेथे सर्वांना थोडेथोडे पुरेल एवढे तरी आहे तेथेच वाटून घेण्याची रीत टिकते.

या वाटून घेतलेल्या पाण्यावर शहराने कित्येक शतके आपली श्रीमंती उभारली. पंधराव्या शतकात हे भूमध्य समुद्रावरच्या अत्यंत संपन्न बंदरी नगरांपैकी एक होते. पाटाच्या काठाने तुतीची झाडे, तुतीच्या पानांवर रेशमाचे किडे, आणि शहरात मखमल विणणाऱ्यांची अख्खी पेठ, जी आजही 'वेल्युतेर्स' म्हणून ओळखली जाते. १४८२ मध्ये पेरे कोम्प्ते याच्या देखरेखीखाली जे रेशमाचे व्यापारगृह बांधावयास घेतले ते 'लोंखा' आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. पीळ घातलेल्या उंच खांबांच्या त्या दालनात चारही भिंतींवरून एक लॅटिन लेख फिरविलेला असून, कपट न करणाऱ्या व व्याजबट्ट्यात न पडणाऱ्या सौदागराला इहलोकी संपत्ती आणि परलोकी शाश्वत जीवन मिळेल, अशी ग्वाही त्यात दिली आहे; आणि ज्याचा या उपदेशावर विश्वास बसला नाही अशा दिवाळखोराची सोय म्हणून शेजारच्या मनोऱ्यात कोठडीही केलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास किड्यांवर रोग पडला आणि रेशीम बुडाले. तुती तोडून लोकांनी संत्री लावली. कार्काइशेंत येथे विसेंत मोन्सो नावाच्या धर्मोपदेशकाने १७८१ मध्ये लावलेल्या बागेपासून या लागवडीचा व्यापारी इतिहास धरतात. पुढे आगबोटी व आगगाड्या आल्या आणि इंग्लंडच्या नाताळात व्हॅलेन्सियाचे संत्रे रूढ झाले.

भाताची कथा एवढी गोड नाही. आल्बुफेरा या खाजणाभोवती पिकणारा जो तांदूळ आज प्रवाशाच्या कढईत शिजतो, त्याच्या लागवडीला मध्ययुगापासून वेळोवेळी मनाईहुकूम निघाले, कारण साचलेल्या पाण्याबरोबर हिवताप येई आणि गावेच्या गावे आडवी होत. व्हॅलेन्सियाचाच सुपुत्र असलेल्या आंतोनियो कावानियेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस भातशेतीविरुद्ध हिरिरीने लेखणी चालविली. जमीनदारांनी तितक्याच हिरिरीने उत्तरे दिली. आणि अशा वादात नेहमी होते त्याप्रमाणे तांदूळ जिंकला.

आता सभेकडे परत येऊन तिच्यावर आलेली संकटे थोडक्यात सांगतो. १६०९ मध्ये राजाज्ञेने मोरिस्को, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमानांचे वंशज, देशाबाहेर घालविण्यात आले आणि व्हॅलेन्सियाच्या राज्याची सुमारे एक-तृतीयांश वस्ती गलबतांत भरून आफ्रिकेकडे गेली. त्यांच्या पूर्वजांनी खोदलेले पाट मागे राहिले. १७०७ मध्ये आल्मान्साच्या लढाईनंतर स्पेनचा राजा पाचवा फिलिप याने जाउमेची सनदच रद्द करून टाकली. राज्याचे जुने कायदे गेले, परिषदा गेल्या, पण गुरुवारच्या सभेला हात लागला नाही. १८१२ च्या जानेवारीत नेपोलियनचा सेनापती सुशे याने शहर घेतले. बक्षीस म्हणून त्याला आल्बुफेराचा ड्यूक ही पदवी मिळाली, आणि या मळ्यांच्या पाटबंधाऱ्याची त्याने आपल्या आठवणींत तारीफ केली. खरा घाव बसण्याची वेळ आली ती मित्रांकडूनच. काडिथच्या उदारमतवादी संसदेने सर्व खास न्यायालये मोडून एकच कायदा, एकच न्यायासन असा पवित्रा घेतला, आणि या सपाट्यात पाण्याची सभाही वाहून जाण्याची चिन्हे दिसू लागली. त्या वेळी, १८१३ मध्ये, फ्रान्सिस्को हाविएर बोरुल या व्हॅलेन्सियाच्या प्रतिनिधीने तिच्या बाजूने जे भाषण केले ते फार महत्त्वाचे ठरले. त्याचा मुद्दा थोडक्यात असा की, वावर वाळत असताना शेतकऱ्याला रीतसर दिवाणी दाव्याची वाट दाखविणे म्हणजे त्याला न्याय नाकारणेच. सरकारी न्यायालयाचा फैसला यावयाच्या आत पीक मेलेले असते.

तथापि या सभेची आरती ओवाळणाऱ्यांनी व्हिसेंते ब्लास्को इबान्येस याची 'ला बाराका' ही १८९८ ची कादंबरीही वाचावी. तीत एका परक्या कुटुंबाला गावाने वाळीत टाकलेले असते. गावगुंड राखणदार त्या कुटुंबाच्या कर्त्यावर पाळी मोडल्याचा खोटा आळ घेतो. आणि तोच तोंडी, तडकाफडकी, बिनखर्ची न्याय त्या निरपराध माणसाला दंड करून मोकळा होतो. लेखक याच शहरात जन्मलेला, मळ्यांच्या जीवनाचा जवळून परिचय असलेला. जेथे न्यायाधीश, साक्षीदार आणि शेजारी एकच असतात तेथे शेजारधर्माबरोबर शेजारवैरही खुर्चीवर चढते, हे त्याने पाहिले होते.

आपल्या देशाशी या कचेरीचा एक जुना धागा आहे. १८५७ नंतर हिंदुस्थान सरकारने पाटबंधाऱ्यांचा विस्तार हाती घेतला तेव्हा युरोपातील जुन्या पद्धती पाहून याव्यात अशी निकड लंडनला वाटू लागली. क्लेमेंट्स मार्कम, ज्याने दक्षिण अमेरिकेतून सिंकोनाची रोपे आणून निलगिरीत लावण्याची कामगिरी पार पाडली होती, त्याने पूर्व स्पेनमधील पाटबंधाऱ्यांवर १८६७ मध्ये अहवाल सादर केला. बंगाल इंजिनियर्सपैकी स्कॉट-मॉन्क्रीफ याचा दक्षिण युरोपातील पाटबंधाऱ्यांवरचा ग्रंथ १८६८ चा. दोघांनीही व्हॅलेन्सियाची व्यवस्था वाखाणली. ज्याच्या इलाख्यात पांझरा, मोसम, आरम आणि गिरणा या नद्यांवर खानदेशच्या कुणब्यांनी तशाच बुटक्या बंधाऱ्यांवर फड बांधले होते, हवालदार, जागले व पाटकरी नेमून पाळ्या चालविल्या होत्या, आणि टंचाईच्या साली लागवडच आखडून घेण्याचा शहाणपणा दाखविला होता, त्या सरकारला तीच विद्या शिकण्यासाठी स्पेनला माणसे धाडावी लागली, याचे नवल वाटते. फरक एवढाच की आपल्याकडे तंटा गोतसभेपुढे गेला तर महजर होत असे, त्यावर निशाण्या होत, आणि तो कागद वाड्यात जपून ठेवीत. व्हॅलेन्सियात बोलणे सारे हवेत विरते आणि निवाड्याची तेवढी नोंद होते. आपले महजर आज दप्तरखान्यात अभ्यासकांची वाट पाहत पडले आहेत. २००९ साली युनेस्कोने व्हॅलेन्सियाच्या सभेला, मुर्सियाच्या तशाच एका पंचसभेबरोबर, मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आणि योगायोग असा की, समाईक साधनसंपत्तीचा कारभार लोक स्वतः नीट करू शकतात हे दाखविताना आपल्या १९९० च्या ग्रंथात ज्यांनी याच मळ्यांचे उदाहरण घेतले होते त्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्येच अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता नदीकडे वळतो, कारण प्रवासी ज्या बागेतून सायकलीवर रमतगमत समुद्राकडे जातो ती बाग म्हणजे नदीचे रिकामे पात्र आहे. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तुरियाला दोन लोंढे आले, शहराचा मोठा भाग चिखलात बुडाला आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. फ्रँकोच्या सरकारने यावर जो उपाय योजला तो त्या राजवटीच्या स्वभावास साजेसाच होता: नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नेऊन टाकली. सुमारे बारा किलोमीटरचे नवे पात्र खोदले. त्याच्या खर्चासाठी शहरातून जाणाऱ्या टपालावर जादा तिकीट बसविले. आणि ज्या मळ्यांतून ते पात्र गेले तेथील शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची वावरे सोडावी लागली. मोकळ्या झालेल्या जुन्या पात्रातून मोटारींचा हमरस्ता काढण्याचा बेत होता. नागरिकांनी तो हाणून पाडला, १९७६ मध्ये राजाने ती जमीन शहराला दिली, आणि आज तेथे जुन्या दगडी पुलांखालून नऊ-एक किलोमीटर लांबीचे उद्यान पसरले आहे. नगररचनेची ही कहाणी सर्वत्र कौतुकाने सांगितली जाते आणि कौतुकास ती पात्रही आहे. परंतु २९ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी तिची दुसरी बाजू उघडी पडली. त्या दिवशी पाऊस कोसळला तो वरच्या डोंगरांत. पोयो नावाचा एरवी कोरडा असणारा ओढा फुगून पाइपोर्ता, कातारोखा, आल्फाफार या गावांवर चालून गेला, आणि प्रांतात दोनशेवीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ही सारी गावे नव्या पात्राच्या दक्षिणेस. पात्राच्या उत्तरेचे शहर बव्हंशी कोरडे राहिले. त्या गावांवर आलेले पाणी काही तुरियाचे नव्हते, त्यामुळे शहराचे पाणी त्यांच्या गळ्यात घातले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्यांचे पैसे आणि संरक्षण एका काठावर खर्च झाले आणि ज्यांची वस्ती दुसऱ्या काठावर वाढू दिली गेली, त्यांच्या फिर्यादीसाठी उजव्या तीराच्या तंट्यात डाव्या तीराने निवाडा करावा अशी काही कचेरी नाही.

गुरुवारच्या सभेपुढे आता खटले थोडे येतात याची कारणे उघड आहेत. बेनाखेबेर येथे मोठे धरण झाल्यापासून उन्हाळ्यातली हातघाई कमी झाली, आणि वावरेही कमी झाली. मेस्ताया हे नाव आज जगाला फुटबॉलच्या मैदानामुळे ठाऊक आहे. १९२३ मध्ये ते मैदान बांधले तेव्हा त्याच्या बाजूने वाहणाऱ्या पाटावरून त्याला ते नाव पडले. रोवेल्याचा पाट तर तटबंदीच्या आत शिरणारा; तो चर्मकारांचे हौद भरी, रंगाऱ्यांच्या कढया भरी, जाती फिरवी, गटारे धुई, आणि उरलेले पाणी रुसाफाच्या मळ्यांना देई, ज्या रुसाफाची सुरुवात कोर्दोव्ह्याच्या पहिल्या अमीराचा मुलगा अब्दुल्ला याने लावलेल्या बागेपासून झाली. आज रुसाफा ही उपाहारगृहांची आणि मद्यगृहांची पेठ आहे, रात्री उशिरापर्यंत जागी असते, आणि चार दिवसांच्या सुटीवर आलेला प्रवासी एक तरी संध्याकाळ तेथे घालवितोच. रोवेल्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन शहराने जवळजवळ सगळी गिळली आहे. तरीही त्या पाटाचा पंच रीतसर निवडला जातो, गुरुवारी बारा वाजता आपल्या खुर्चीवर येऊन बसतो, आणि चोपदार त्याच्या पाटाचे नाव इतर सातांच्या बरोबरीने पुकारतो.